अपेक्षित एकोणीस, मिळाले वीस

शुक्रवारी सकाळी दहा वाजता तेजस्वी एक किरकोळ काम उरकायला बसली. चहा अजून अर्धा कप उरला होता, बाबा भेंडी आणायला बाजारात गेले होते आणि कट्टा गावाहून आदल्या दिवशी आलेली नर्मदा आत्या पडवीत पाय पसरून बसली होती. काम इतकंच, की आपल्या प्रोग्रामच्या सगळ्या चाचण्या शेवटच्या एकदा चालवायच्या, त्या हिरव्या दिसल्या की बटण दाबायचं आणि नवी आवृत्ती जगाला देऊन मोकळं व्हायचं. पाच मिनिटांचं काम. कॉम्प्युटरवाल्यांची पाच मिनिटं म्हणजे काय असतात, ते त्यांच्या घरच्यांना विचारावं.

आधीच सांगून ठेवतो, ही हकिगत रात्रीची नाही. मध्यरात्री वडाखाली उभी राहणारी भुतं आम्हाला फारशी मानवत नाहीत. अंधारात काय, कोणीही घाबरवतं. हे घडलं ते मालवणजवळच्या आचऱ्यात, भाद्रपदाच्या रखरखीत उन्हात, डोक्यावर पंखा फिरत असताना. तरीही दिवा जरा जवळ ओढून बसा.

तेजस्वी पुण्यात सहा वर्षं नोकरी करून गेल्या वर्षी गावी परतली होती. आई गेल्यावर घरात बाबा एकटेच उरले. बाबा म्हणजे हरिश्चंद्र, निवृत्त पोस्टमास्तर. फोनवर ‘मी बरो आसय’ म्हणायचे आणि दोन्ही वेळा पेज नि भाजलेला पापड खायचे. ते तिला सहन होईना, म्हणून ती आली. आल्यावर तिने दोडामार्गच्या अनिशला जोडीला घेतलं. अनिश रोज गोव्यात एका कंपनीत जातो आणि तिथे बसून कंपनीचं सोडून बाकी सगळं काम करतो. दोघांनी पायथनमध्ये एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘गाऱ्हाणं’. ज्याला जे बिघडलेलं दिसेल ते त्याने त्यात लिहायचं, दुरुस्त करणाऱ्याने दुरुस्त करायचं आणि ज्याने लिहिलं त्यानेच तपासून मिटवायचं. प्रोग्राम फुकट, त्याच्या आतलं सगळं कोणालाही बघता येईल आणि बदलता येईल असं उघडं. एस्टोनियातली एक लायब्ररी आणि ब्राझीलमधला एक दवाखाना तो वापरत होते. ‘गाऱ्हाणं’ हे नाव उच्चारताना तिथल्या लोकांच्या जिभेला गाठ बसत होती, पण तक्रार नव्हती.

आता परदेशातली एक संस्था तेजस्वीला वर्षभर याच कामासाठी मानधन द्यायला तयार झाली होती. अट एकच. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत नवी आवृत्ती बाहेर पडली पाहिजे आणि तिच्या सगळ्या चाचण्या हिरव्या असल्या पाहिजेत. नाही जमलं तर पुण्याच्या कंपनीचं पत्र टेबलावर होतंच, सोमवारी रुजू व्हा म्हणून. म्हणजे पाच वाजता हिरवं दिसलं तर बाबांजवळ राहायचं, आणि लाल दिसलं तर बॅग भरायची.

चाचण्या म्हणजे भातुकली असते. प्रोग्राम स्वतःच खोटी माणसं तयार करतो, ती खोटी गाऱ्हाणी घालतात, ती मिटतात, आणि शेवटी सगळा संसार पुसून टाकला जातो. या खोट्या माणसांना नावं लागतात. जिवंत माणसांची वापरायची नाहीत हा नियम, आणि ‘चाचणी एक’, ‘चाचणी दोन’ लिहायचा तेजस्वीला कंटाळा. मग तिने हाताशी होती ती यादी वापरली. म्हाळाची यादी. पितृपक्षात घरातल्या ज्या ज्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन वाढायचं, त्यांची. आजोबांच्या वहीतली शाई पुसट झाली होती, म्हणून यंदा म्हाळाआधी तिनेच ती यादी साफसूफ करून बाबांना मोठ्या अक्षरात छापून दिली होती. मेलेली माणसं कोर्टात जात नाहीत, असा तिचा साधा विचार. यादीत नावं होती एकोणीस.

तिने चाचण्या चालवल्या. दोन हजार हिरव्या आणि एक लाल.

‘अपेक्षित एकोणीस, मिळाले वीस.’

खरं सांगायचं तर हे तिने आधीही पाहिलं होतं. आठ दिवसांपूर्वी, अष्टमीला, घरचा म्हाळ झाला त्या दिवसापासून ही चाचणी अधूनमधून लाल व्हायची. पुन्हा चालवली की हिरवी. पुन्हा चालवून बघणं हा या धंद्यातला अंगारा आहे, आणि बहुतेकदा गुण येतो. आज मात्र सात वेळा चालवली तरी वीस. तिने वीसही नावं पडद्यावर काढली. सातव्या क्रमांकावर काशीबाई. विसाव्या क्रमांकावर... काशीबाई.

तेजस्वीच्या अंगावर काटा आला. एकाच नावाची दोन माणसं तो प्रोग्राम घेतच नसे. तो नियम तिने स्वतः लिहिला होता आणि तो पाळला जातो की नाही हे बघायला वेगळ्या चाळीस चाचण्या होत्या. त्या सगळ्या हिरव्यागार होत्या. भूतबित तिच्या मनातही आलं नव्हतं. आपण लिहिलेला नियम मोडतोय, याचीच तिला जास्त भीती वाटली.

अकरा वाजता तिने अनिशला व्हिडिओवर धरला.

“माझ्याकडे एकोणीसच येतत,” तो म्हणाला. “माझ्याकडे चलता बरा.”

“माझ्याकडे वीस येतत रे.”

“बंद करून चालू कर.”

“तीनदा केलंय.”

“मगे एकोणीस लिवलला आसा थंय वीस लिही. हिरवा झाला की सोड आणि जेवक जा.”

असल्या सल्ल्याची शिक्षा नरकात वेगळी ठेवलेली असणार. पण घड्याळ पुढे चाललं होतं. तिने मन घट्ट करून वीस लिहिलं आणि चालवलं. अपेक्षित वीस, मिळाले एकोणीस. तिने परत एकोणीस केलं. मिळाले वीस.

“तेजू,” अनिश आवाज खाली आणून म्हणाला, “ह्या कोणतरी मुद्दाम करता.”

त्याच वेळी तिला वास आला. सुरंगीचा. गजरा केसात घालून बाई शेजारून गेली की येतो तसा, गोड आणि दाट. सुरंगी फुलते चैत्राच्या आगेमागे. भाद्रपदात तिचं फूल सोन्याच्या भावानेही मिळायचं नाही. वास स्वयंपाकघराकडून येत होता, आणि त्या वासाबरोबर नारळ खवण्याचा आवाज... खर्र, खर्र, खर्र... सावकाश, सवयीच्या हाताचा.

“आत्ये,” तेजस्वीने हाक मारली, “आत्ता नारळ कित्याक खवतंस?”

“मी खंय?” पडवीतून, म्हणजे बरोबर उलट्या दिशेने आत्याचा आवाज आला. “मी हंयच बसलंय गो.”

खवणं थांबलं. जरा वेळाने पुन्हा सुरू झालं, आणि आता त्यात थोडी चिडचिड होती.

बरोबर बारा वाजता पडद्यावर एक नवं गाऱ्हाणं उमटलं. घालणारी: काशीबाई, क्रमांक वीस. गांभीर्य: अतिशय. आणि मजकूर असा, प्रोग्रामने आखून दिलेले सगळे रकाने शिस्तीत भरलेला:

‘करून बघण्याची पद्धत: म्हाळाच्या दिवशी उंबऱ्याकडे बसा. सगळ्यांची नावां घेवन होयपर्यंत थांबा. अपेक्षित: माका हाक मारतीत, वाढतीत. प्रत्यक्षात: सगळ्यांका वाढल्यानी. माका वाढूक नाय.’

एस्टोनियातल्या लायब्ररीने आजपर्यंत इतकं स्वच्छ गाऱ्हाणं कधी घातलं नव्हतं. तेजस्वीला वाटलं, हा अनिशचा चावटपणा.

“मेल्या, आज माझो जीव टांगणीक लागलो आसा आणि तुका मस्करी सुचता?”

“आवशीशपथ, मी नाय!” अनिशचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो प्रोग्रामर होता, त्यामुळे घाबरल्यावरसुद्धा त्याचे हात स्वस्थ बसले नाहीत. “थांब, मी मिटवतंय तां. काशीबाई एक आसा ना? मगे ही दुसरी...” आणि त्याने त्या गाऱ्हाण्यावर शेरा मारला: डुप्लिकेट.

घरातला पंखा थांबला. गोव्यातलाही थांबला, कारण अनिशने मान वर करून पाहिलेलं तिला दिसलं. पडद्यावर, त्याच्या शेऱ्याखाली, एकेक अक्षर उमटत गेलं.

‘डुप्लिकेट कोणाक म्हणतंस रे?’

“तेजू...” अनिश कुजबुजला, “माझ्या मागे... बांगड्यो वाजतत.”

“मागे बघ.”

“तू बघ!”

तिला त्याच्या मागे फक्त भिंत आणि कंपनीचं कॅलेंडर दिसत होतं. कॅलेंडर आपोआप एक पान उलटलं. त्यानंतर तिला अनिशची रिकामी खुर्ची दिसली, गोल गोल फिरत असलेली. तो चार मजले जिन्याने उतरून फाटकावरच्या वॉचमनजवळ उन्हात जाऊन उभा राहिला, हे नंतर कळलं.

वासामागे आत्या दारात येऊन ठेपली होती. गुडघे धरून आत आली, चष्मा लावला आणि पडद्यावरचं सगळं गाऱ्हाणं ओठ हलवत वाचलं. वाचून झाल्यावर ती खाटेवर बसली.

“ती म्हाळाची यादी कोणी केल्यान?”

“मी.”

“काशीबाई कितीदा लिवलंस?”

“एकदा. वहीत दोनदा होता, एकाखाली एक. माका वाटला आजोबा चुकले, म्हणान मी एक काढून टाकलंय.”

बाबा नेमके त्याच वेळी पिशवी घेऊन आत आले. “माका पण तसाच वाटला,” ते म्हणाले. “दोनदा पडला असतला.” तीस वर्षं हा माणूस काशीबाईच्या नावाने न चुकता दोनदा वाढत होता आणि दोनदा का, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. पोस्टात आयुष्य गेलेला माणूस. पत्ता आहे म्हणजे पत्र टाकायचं.

“दोन होत्यो रे त्यो,” आत्या म्हणाली. “आमचे आजोबा गणपत, त्यांची पयली बायको काशीबाई. लग्नाक दोन वर्सां झाली नाय आणि तापान गेली. मगे मसुऱ्यासून दुसरी आणल्यानी. तिचा नाव पण काशीबाईच ठेवल्यानी. पयलीक वाईट वाटाक नको म्हणान.”

“आणि दुसरीक?” तेजस्वीने विचारलं.

“दुसरीक कोण इचारता?” आत्याने चष्मा काढला. “ती माझी आजी. मी धा वर्सांची आसताना गेली. जल्मभर सवतीच्या नावान हाका आयकल्यान. तां एक नाव होता, तां तू पुसलंस. आणि वयर तो तुझो मित्र तिका डुप्लिकेट म्हणता.”

तेजस्वीला भयंकर लाज वाटली. आत नारळ खवला जात होता, अंगावर काटा होता, पाच वाजता घर सुटायची वेळ येणार होती. पण त्या सगळ्याच्या वर तिला लाज वाटली. यादी नीटनेटकी झाली म्हणून आपण बाबांकडून शाबासकीही घेतली होती, हे तिला आठवलं.

“आज सर्वपित्री,” बाबा म्हणाले. “ऱ्हवलेल्यांका आजच वाढतत. उद्या चलाचा नाय.”

तिघं कामाला लागली. स्वयंपाकघरात पहिलं पाऊल कोण टाकणार यावर जरा वेळ गेला. शेवटी आत्याच ‘सर गो, माका वाट दी’ असं रिकाम्या दाराला म्हणून आत शिरली. आत कोणी नव्हतं. विळीखाली मात्र खवलेल्या नारळाचा ढीग होता, पांढरा, ताजा. बाबांनी मुकाट्याने तो खिरीत घातला. वड्यांचं पीठ डब्यात होतं, भेंडी आणलेली होती. दोनच्या सुमाराला केळीच्या पानावर वाडी, म्हणजे कावळ्याचा घास, वाढून बाबांनी ती मागच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, नेऊन ठेवली आणि हात जोडले.

“काशीबाये, चुकला आमचा. घे गो.”

माडावर कावळा होता. त्याने वाडीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि पंख साफ करू लागला. सव्वादोन झाले. अडीच झाले. बाबांनी जितक्या प्रकारे माफी मागता येते तितक्या प्रकारे मागून झाली, शेवटी पोस्टातल्यासारखी ‘झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहोत’ अशी प्रमाण मराठीतसुद्धा. कावळा ढिम्म. घरात पडद्यावर वीसच. तीन वाजले तेव्हा तेजस्वीने मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती.

आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. तो पडला तिच्या धंद्यामुळेच.

“बाबा, काशीबाई म्हणान हाक मारलात तर पयलीच येतली. तिचा जेवण अष्टमीकच झाला, ती कित्याक येता? एका नावान दोन माणसां सापडणत नाय. आत्ये, हिचा स्वतःचा नाव काय होता? माहेरचा?”

आत्याने डोळे मिटले.

“माका कसा ठावक असतला... घरात कोण घेय नसा ता नाव.” मग तिने डोळे उघडले. “भाऊबीजेक मसुऱ्यासून तिचो भाऊस येय. पायात व्हाणो, हातात केळ्यांचो घड. खळ्यात उभो रवान हाक मारी. आणि ती हातातला असात तां टाकून धावत भायर जाय. वर्सातून एकदा. मथुरे, म्हणान हाक मारी तो. मथुरे...”

आत्या उठली. गुडघ्यांना न विचारता चालत मागच्या दारी गेली आणि ऐंशी वर्षांच्या गळ्यातून निघेल तेवढ्या जोराने ओरडली, “मथुरेऽ, जेवक ये गो!”

खवण्याचा आवाज थांबला. घरातून मागच्या दाराकडे कोणीतरी धावत गेल्याचं तेजस्वीने ऐकलं, अनवाणी, हलकी पावलं, एखाद्या तरुण मुलीची. वाऱ्याचा झोत आत्याचा पदर हलवून बाहेर गेला. कावळा माडावरून थेट वाडीवर उतरला आणि त्याने वडा उचलला.

आत्या रडत होती. बाबा दुसरीकडे बघत होते. तेजस्वीने धावत जाऊन यादीत विसावं नाव घातलं, मथुरा, अपेक्षित आकडा वीस केला आणि चाचण्या चालवल्या. अपेक्षित वीस, मिळाले वीस. सगळं हिरवं. त्या गाऱ्हाण्यापुढे ‘मिटलं’ असं आलं होतं, आणि मिटवणारीचा शेरा होता: ‘तपासला. चलता. खिरीत साखर कमी.’

पाचला दहा कमी असताना नवी आवृत्ती बाहेर पडली. सातला संस्थेचं पत्र आलं, वर्षाचं काम पक्कं झाल्याचं.

“म्हणजे सोमवारी जावचा नाय?” बाबांनी विचारलं.

“नाय.”

“बरा,” असं म्हणून ते उरलेली भेंडी पुसत बसले. चार भेंड्या पुसायला त्यांना अर्धा तास लागला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेजस्वीने लॅपटॉप उघडला, तर अकरा नवी गाऱ्हाणी. या वेळी चाचणीत नव्हे, खऱ्या प्रोग्रामवर, लायब्ररी आणि दवाखान्याच्या रांगेत. सगळी आचऱ्यातली. पहिल्याची सुरुवात होती, ‘मथुरेन सांगल्यान, हंय आयकतत.’ एकाला त्याच्या नावाने वाढताना मिरची नको होती. एकीचा फोटो पंख्याच्या मागे लावला होता. आत्याने दहा गेलेल्यांची नावं कागदावर उतरून घेतली आणि काठी टेकत त्या त्या घरी निरोप द्यायला निघाली. तिला गावात फिरायला कारण हवंच होतं.

अकरावं गाऱ्हाणं तेजस्वीने तिला दाखवलं नाही. घालणाऱ्याचं नाव होतं हरिश्चंद्र, बाबांचं. मजकूर एका ओळीचा: ‘चेडू घरात आसा, पण माझ्यावांगडा जेवक बसणा नाय.’ चेडू म्हणजे मुलगी, ती स्वतः. आणि ते घातल्याची तारीख पुढच्या वर्षीच्या भाद्रपदातली, म्हाळाच्या दिवसांतली.

स्वयंपाकघरात घावण्यांचा वास सुटला होता.

“बाबा... तुमी माझ्या लॅपटॉपाक हात लावलात?”

“माका तां चालू करूक तरी येता काय?” बाबा आतून म्हणाले. “तुझी ताटली थंय आणून दिव?”

वर्षभर ते तिची ताटली टेबलावरच आणून द्यायचे. ती पडद्याकडे बघत खायची आणि ते आत एकटे. तेजस्वीने लॅपटॉप बंद केला. “नको,” ती म्हणाली, “मी येतंय.” दोघांनी समोरासमोर बसून घावणे खाल्ले. बाबा पोस्टातल्या एका हरवलेल्या पार्सलची गोष्ट सांगत होते, लांबलचक, आणि तिने ती शेवटपर्यंत ऐकली.

परत येऊन तिने पाहिलं. गाऱ्हाणं मिटलं नव्हतं. तारीख मात्र एका दिवसाने पुढे सरकली होती.

तेव्हापासून दुपारी एक ते दोन आणि रात्री आठ ते नऊ तेजस्वी कोणाच्याही पत्राला उत्तर देत नाही. एस्टोनियावाल्यांनाही हे आता माहीत आहे. अनिश विचारतो, ते एक गाऱ्हाणं अजून उघडं का ठेवलंस, तर ती विषय बदलते. तारीख रोज एक दिवस पुढे जाते. गेल्या महिन्यात एकदाच एक बैठक लांबली, आणि ती आत पोहोचली तेव्हा बाबा जेवून हात धूत होते. ‘ऱ्हवांदे गो,’ ते हसून म्हणाले, ‘माझा काय?’

त्या दिवशी तारीख हलली नाही.